हजेरीपटाबाहेरचे हात

सकाळचे आठ वाजलेले असतात. पुणे, ठाणे किंवा नागपूर अशा एखाद्या शहरातील वर्दळीच्या चौकात शे-दीडशे स्त्री-पुरुष उभे असतात. कोणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कोणाच्या हाती घमेले, कोणाच्या कडेवर लहान मूल. इतक्यात मोटारसायकलवरून एक गृहस्थ येतो. ‘दोन गवंडी, चार बिगारी, तीन दिवसांचे काम’ एवढेच बोलणे होते. दर ठरतो, टेम्पो भरतो आणि निघून जातो. दहा वाजेपर्यंत ज्यांना कोणी नेले नाही, ते भाकरीचे फडके न सोडताच घरी परततात. मुंबईत या जागेला नाका म्हणतात, पुण्याकडे मजूर अड्डा म्हणतात. महाराष्ट्रातील सर्वांत गजबजलेले सेवायोजन कार्यालय हेच म्हणावे लागेल. मात्र या कार्यालयाला छप्पर नाही आणि नोंदवहीही नाही.

शेतीच्या खालोखाल देशात ज्या मोजक्या क्षेत्रांनी सर्वाधिक हातांना काम दिले, त्यांत बांधकामाचा क्रमांक फार वरचा आहे. केंद्र सरकारच्या अलीकडच्या श्रमशक्ती पाहण्यांनुसार देशातील काम करणाऱ्या दर आठ व्यक्तींपैकी साधारणपणे एक व्यक्ती बांधकामावर असते. बांधकाम म्हटले की डोळ्यांसमोर गगनचुंबी इमारती आणि मोठमोठ्या कंपन्यांचे फलक येतात. परंतु गावोगावची घरे, तालुक्याच्या ठिकाणचे बंगले, दोन-तीन मजली इमारती, दुरुस्त्या आणि वाढीव खोल्या ही सारी कामे उभी राहतात ती लहान ठेकेदाराच्या जोरावर. चार गवंडी, सहा बिगारी, एक भाड्याचा मिक्सर आणि स्वतःचा शब्द हेच त्याचे भांडवल. हा व्यवसाय वाढला, त्यात रोजगारही वाढला. परंतु तो नोंदीविना आणि शिक्षणाविना वाढला. या वाढीचे मोल कोण चुकवीत आहे, हा खरा प्रश्न आहे.

कोण कोठून येतो?

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला, तर या रोजगाराचे प्रादेशिक रूप स्पष्ट दिसते. मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात कामांची एक उतरंड तयार झाली आहे. विकासक मुख्य कंत्राटदाराला काम देतो, तो लहान ठेकेदारांना, लहान ठेकेदार मुकादमाला आणि मुकादम मजुरांना. तळाच्या मजुराला मुकादमापलीकडचे नावही ठाऊक नसते. सेंटरिंग आणि सळईच्या कामावर बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या मालदा-मुर्शिदाबाद भागातील माणसे दिसतात. संगमरवर आणि फरशीच्या कामात राजस्थानी कारागिरांचा हातखंडा आहे. बिगारी कामावर मराठवाड्यातील आणि विदर्भातील कुटुंबे आहेत, तशीच विजयपूर आणि कलबुर्गीकडचीही आहेत.

कोकणची कथा निराळी. तेथील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. १९७० नंतर अनेकांनी आखाताचाही रस्ता धरला. परिणामी त्याच्या स्वतःच्या वाडीत जांभ्या चिऱ्याचे घर बांधायला घेतले, की चिरे रचणारे हात पुष्कळदा कर्नाटकातून आलेले असतात. गोव्यातही हेच दृश्य आहे. नागपूरच्या बांधकामांवर छत्तीसगड आणि बालाघाटकडचे मजूर पूर्वापार येतात. मराठवाडा मात्र प्रामुख्याने माणसे पाठवणारा प्रदेश आहे. कोरडवाहू शेती, हंगामात ऊसतोड आणि उरलेल्या महिन्यांत पुण्याच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहून बिगारी काम, असे वर्षाचे तीन तुकडे करून तेथील असंख्य कुटुंबे जगतात.

माणसे एवढ्या दूर का जातात, याचे उत्तर मजुरीच्या आकड्यांत आहे. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या २०२२-२३ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील बांधकाम मजुराची सरासरी रोजंदारी केरळमध्ये ८५० रुपयांच्या वर होती. देशाची सरासरी ३९० रुपयांच्या आसपास होती आणि मध्य प्रदेशात ती २८० रुपयांपर्यंतही पोहोचत नव्हती. एकाच देशात एकाच कामाला तिप्पट फरक असेल, तर माणसे आगगाडीत बसणारच. केरळमधील तरुण आखातात गेला, त्याने पाठवलेल्या पैशातून घरे उठली आणि ती बांधायला प्रथम तमिळनाडूतून व नंतर बंगाल-आसाम-ओडिशातून माणसे आली. तेथील शासनाच्याच एका संस्थेने २०१३ मध्ये अशा स्थलांतरितांची संख्या २५ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज केला होता. कोकणात जे लहान प्रमाणात घडले, तेच केरळात मोठ्या प्रमाणात घडले.

या विषयावर बोलताना ‘परप्रांतीय’ हा शब्द तोंडावर फार लवकर येतो. त्याने राजकीय सभा गाजतात, प्रश्न सुटत नाही. कटिहारचा माणूस आणि लातूरचा माणूस पुण्याच्या एकाच अड्ड्यावर उभे असतात. एकाच दराने टेम्पोत चढतात आणि एकाच प्रकारच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. भारत एक आहे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या दोघांत भेद करण्याचे कारण नाही. आपल्या घराची भिंत उभारणारा माणूस परका कसा असू शकेल? विचार करावयाचा तो त्या दोघांच्या नावाची नोंद कोठेच का नाही, याचा.

बंद पडलेली शाळा

लहान ठेकेदाराचे काम ही एके काळी बांधकाम विद्येची शाळा होती. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बिगारी म्हणून येई. घमेले वाही, विटा भिजवी, माल कालवी. वर्ष-दोन वर्षांत उस्ताद त्याच्या हाती थापी देई आणि मागच्या बाजूची, कोणाच्या नजरेस न पडणारी भिंत त्याला रचू देई. दोरी कशी ताणावी, गुण्या कसा लावावा, पाणसळ कशी पाहावी, ओळंबा कोठे सोडावा, हे तो पाहून पाहून शिके. चूक झाली तर भिंत पाडून पुन्हा रचावी लागे. ती पाडलेली भिंत हीच त्याची परीक्षा असे. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. शिकणाऱ्या मुलाचे बालपण हरवत असे आणि त्याला मिळणारा मोबदला तुटपुंजा असे. पण दहा वर्षांनी समाजाला एक जाणता गवंडी मिळत असे, हेही तितकेच खरे.

ही शाळा बंद पडण्याचे कारण कामाच्या हिशेबात दडलेले आहे. पूर्वी बरेचसे काम रोजंदारीवर चाले. शिकाऊ मुलाचा हात हळू चालला, तरी त्या वेळेचा भार घरमालक आणि ठेकेदार मिळून उचलीत. आता काम चौरस फुटाच्या दराने दिले जाते. हळू चालणारा प्रत्येक हात ठेकेदाराच्या खिशातून पैसा काढतो. साहजिकच त्याला शिकाऊ माणूस परवडत नाही. त्याला तयार गवंडी हवा असतो आणि तो मिळेल तेथून, मुकादमाला उचल देऊन, आणला जातो. प्रत्येकाला तयार माणूस हवा आणि तयार करण्याचे काम मात्र कोणाचेच नाही, अशी ही विलक्षण कोंडी आहे. परिणाम घराघरांत दिसतो. नव्या घराला पहिल्याच पावसात ओल येते, फरशी पोकळ वाजते, न्हाणीघरातील पाणी उलट दिशेने वाहते आणि दोष सिमेंटला दिला जातो.

स्थानिक तरुण या कामाकडे का वळत नाही, याचे दुसरे कारण मध्यमवर्गीय घरांतच सापडते. ‘अभ्यास केला नाहीस तर घमेली उचलावी लागतील’ हे वाक्य किती घरांत किती वेळा उच्चारले गेले असेल! ज्या समाजाने विश्वकर्म्याला देव मानले, त्याच समाजाने विश्वकर्म्याच्या कामाची मुलांना भीती घातली. पदवी घेऊन कमी पगारावर वर्षानुवर्षे नोकरीची वाट पाहणारा तरुण घरात चालतो. चांगली कमाई करणारा गवंडी मात्र सोयरिकीच्या वेळी खटकतो. या मनोवृत्तीला कोणत्याही शासकीय योजनेत औषध नाही.

कायद्याच्या रेषेखाली

बांधकाम कामगारांसाठी कायदा नाही असे नाही. १९९६ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर घ्यावा, त्यातून प्रत्येक राज्यात कल्याणकारी मंडळ चालावे आणि नोंदणीकृत कामगाराला अपघात, आजार, बाळंतपण, मुलांचे शिक्षण यांसाठी साहाय्य मिळावे, अशी ती चांगली योजना होती. महाराष्ट्रात या कायद्याचे नियम होण्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. पुढे काय झाले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८ च्या निकालात नोंदलेले आहे. देशभरात ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला होता आणि त्यांपैकी कामगारांसाठी खर्च झाले होते सुमारे साडेनऊ हजार कोटी. कामगारांच्या नावाने जमा झालेला पैसा तिजोरीत पडून होता आणि ज्यांच्यासाठी तो होता, ते नाक्यावर उभे होते.

लहान व्यवसायाची अडचण याहून खोल आहे. आपले कायदे रेषा आखून चालतात. बांधकाम कायद्याची रेषा दहा कामगारांची आहे. भविष्य निर्वाह निधीची वीस कामगारांची. २०१७ पासून पूर्णांशाने लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्यात पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. यांपैकी प्रत्येक रेषेमागे काही कारण आहे. लहान माणसाला कागदपत्रांच्या ओझ्याखाली दडपू नये, हा हेतूही स्तुत्यच आहे. परंतु लहान ठेकेदार नेमका या सगळ्या रेषांच्या खाली उभा असतो आणि त्याच्यासोबत त्याचे नऊ कामगारही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुना बांधकाम कायदा त्यांत विलीन झाला. मंडळे राहिली, उपकर राहिला, दहा कामगारांची रेषाही राहिली. एक रेषा मात्र बरीच वर सरकली. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराचा खर्च दहा लाखांच्या आत असेल, तर पूर्वी ते काम कायद्याबाहेर राहत असे. आता ही मर्यादा पन्नास लाखांची झाली आहे. १९९६ च्या दहा लाखांचे आजचे मोल पाहता वाढ आवश्यक होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तालुक्याच्या गावी चाळीस लाखांत देखणा बंगला उभा राहतो. म्हणजे लहान ठेकेदाराची नेहमीची कामे, ज्यांवर राज्याच्या ग्रामीण आणि निमशहरी भागातील बांधकाम मजूर जगतो, ती बहुतांशी या मर्यादेच्या आत जातात. परांचीवरून पडणारा माणूस चाळीस लाखांच्या घरावरून पडला की साठ लाखांच्या, याने त्याच्या हाडांना काही फरक पडत नाही.

नोंद नसणे म्हणजे काय, हे संकटाच्या वेळी कळते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा परिसरात एक अनधिकृत, अर्धवट बांधलेली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. इमारत बांधणारे मजूर आपल्या बायकामुलांसह तिच्यातच राहत होते. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढवा भागात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. त्यांत बिहारमधून आलेल्या मजुरांची कुटुंबे होती, मुले होती. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याच्या पश्चात त्याची पत्नी कोणत्या कार्यालयात आणि कोणता कागद घेऊन जाणार?

दुसरा अनुभव २०२० सालचा. टाळेबंदी लागली आणि सर्व कामे एका रात्रीत थांबली. तेव्हा महाराष्ट्राच्या कल्याणकारी मंडळाने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात प्रथम २००० रुपये थेट जमा केले. रक्कम लहान होती, पण हातात आली. एकाच भिंतीवर काम करणाऱ्या दोन गवंड्यांपैकी एकाचे नाव मंडळाच्या यादीत होते, त्याला ती मिळाली. ज्याचे नाव नव्हते, तो पोटाशी गाठोडे धरून गावाकडे चालू लागला.

नव्वद दिवसांचा कागद

मंडळाकडे नोंदणी होण्यासाठी कामगाराचे वय अठरा ते साठ असावे लागते आणि मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. सारा प्रश्न या एका कागदापाशी येऊन थांबतो. जो गवंडी वर्षात पंधरा ठिकाणी काम करतो, त्याला हा कागद कोणी द्यावा? लहान ठेकेदार घाबरतो. सही केली तर उद्या दुसरीच कसली जबाबदारी मागे लागेल, असे त्याला वाटते. मग कागद विकणारे दलाल उभे राहतात. ज्याने कधी वीट उचलली नाही त्याची नोंदणी होते आणि ज्याच्या तळहाताला सिमेंटने भेगा पडल्या आहेत, तो रांगेबाहेर राहतो. ही तक्रार आता नवी राहिलेली नाही.

लहान ठेकेदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तो स्वतः कालपर्यंत गवंडीच होता. घरमालक शेवटचा हप्ता अडकवतो, वाळूचा भाव महिन्यात बदलतो, उचल घेतलेला मजूर अर्ध्यावर निघून जातो. २०१६ च्या नोटाबंदीत आठवड्याचा पगार रोखीने वाटणाऱ्या या माणसाची जी ओढाताण झाली, तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. त्याला शिक्षेच्या भयाने नियमात आणता येणार नाही. नियमात येणे त्याला सोपे आणि हिताचे वाटले पाहिजे.

त्यासाठी नवी भव्य योजना लागत नाही. घरमालक आणि ठेकेदार या दोघांची सही असलेली साधी हजेरीवही नव्वद दिवसांचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी. निरनिराळ्या कामांवरचे दिवस एकत्र मोजावेत. बांधकाम परवाना देताना नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने ही वही परवान्यासोबतच हाती द्यावी. पन्नास लाखांच्या आतील घराला उपकर माफ असो, हजेरी मात्र माफ नसावी.

प्रशिक्षणाच्या बाबतीतही वाट पूर्वीच सापडलेली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची सोय आहे. लाभार्थ्याचे घर बांधता बांधताच सुमारे ४५ दिवसांत उमेदवारांना शिकवायचे आणि मग त्यांची परीक्षा घ्यायची, अशी ती पद्धत आहे. जुन्या उस्तादाची शाळा नव्या रूपात भरवण्याचाच हा प्रकार आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये गवंडी आणि सुतार यांचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशा तिच्या तरतुदी आहेत. मात्र जो आधीच कारागीर आहे, त्याला या योजनेचा आधार आहे. ज्याच्या हाती अद्याप थापी आली नाही, त्या बिगाऱ्याला शिकवणाऱ्या ठेकेदाराच्या पदरात काय पडते? शिकाऊ माणसाच्या संथ हातामुळे होणारी तूट सहा महिने जरी शासनाने भरून दिली, तरी गावोगावचा लहान ठेकेदार पुन्हा उस्ताद होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वर्गखोलीतील फळ्याऐवजी अशा चालू कामांवर आपले विद्यार्थी पाठवावेत.

वास्तुशांतीच्या दिवशी

शासनाने काय करावे, हे सांगणे सोपे असते. परंतु महाराष्ट्रातील लहान बांधकाम व्यवसायाचा खरा आश्रयदाता घर बांधणारा सामान्य कुटुंबप्रमुखच आहे. निवृत्तीची पुंजी घालून बंगला बांधणारे शिक्षक, गावाकडचे जुने घर नव्याने उभारणारा बँक कर्मचारी, वाढीव खोली काढणारा दुकानदार, हेच त्याचे ग्राहक. फरशीचा रंग निवडण्यासाठी चार दुकाने हिंडणारे कुटुंब कामावरच्या माणसांची नावे मात्र क्वचितच विचारते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जो खर्च आनंदाने होतो, त्याच्या काही अंशात कामावरच्या सर्वांचा अपघात विमा उतरू शकतो. सुरक्षा-पट्टा, शिरस्त्राण, मुलांसाठी सावली, स्त्रियांसाठी आडोसा या गोष्टी करारात लिहून घेण्यास कोणत्याही कायद्याची गरज नाही.

सामाजिक कामात असलेल्या कार्यकर्त्यांसाठीही येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंतीचा दिवस राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. त्या दिवशीच्या पूजनाला आणि भाषणांना जोड हवी ती सकाळी आठ वाजता नाक्यावर मांडलेल्या एका टेबलाची. तेथे बसून अर्ज भरून देणे, बँक खाते उघडून देणे, ठेकेदाराला हजेरीवही ठेवण्यास शिकवणे आणि दलालाला दूर ठेवणे, हे काम शांतपणे, वर्षानुवर्षे करावे लागेल. त्यात छायाचित्र येण्याजोगे काही नाही. पण एका वस्तीत शंभर खऱ्या नोंदी झाल्या, तर शंभर घरांत मुलांच्या शिक्षणाचा आधार जातो.

घर पूर्ण झाले, की वास्तुशांतीला गवंड्याला आणि सुताराला बोलावून टोपी-उपरणे देण्याची, त्यांच्या घरच्यांना लुगडे-चोळी देण्याची रीत आपल्याकडे होती. अजूनही गावाकडे ती पाळली जाते. ज्याच्या हातांनी भिंत उभी राहिली, त्याला मान दिल्याशिवाय घरात राहावयास जाऊ नये, इतका खोल विचार त्या साध्या रीतीमागे होता. ती रीत टिकवावीच. फक्त यापुढे त्या आहेराच्या ताटात आणखी एक वस्तू ठेवावी. त्या माणसाने या घरावर किती दिवस काम केले, हे सांगणारा आणि घरमालकाची सही असलेला एक कागद. उपरणे दोन वर्षांत विरेल. तो कागद त्याच्या मुलीच्या शाळेपर्यंत आणि प्रसंग ओढवलाच तर त्याच्या पत्नीच्या हक्कापर्यंत पोहोचेल.